छायाचित्राचे पाठभेद : अनेक संगणकांवरील संपादनाची एकवाक्यता आणि मराठी पाठपरंपरा

प्रास्ताविक

संगणकावर छायाचित्र संपादित करणे ही आता विशेष कौशल्याची बाब राहिलेली नाही. महाविद्यालयाच्या कोणत्याही विभागात छायाचित्रे उजळ केली जातात, त्यांच्या कडा कापल्या जातात, मथळे लिहिले जातात, चुकलेल्या तारखा दुरुस्त केल्या जातात. अडचण त्यानंतर सुरू होते. तेच छायाचित्र विभागाच्या संगणकावर, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या संगणकावर आणि एखाद्या प्राध्यापकाच्या घरच्या लॅपटॉपवर असते. तिन्ही ठिकाणी त्यावर निरनिराळे हात फिरतात आणि वर्षअखेरीस एकाच छायाचित्राची तीन रूपे समोर येतात. त्यांपैकी ग्राह्य कोणते, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो अपरिचित नाही.

एका ग्रंथाच्या अनेक प्रती, प्रत्येक प्रतीत लेखकूने केलेले फेरफार आणि त्यांतून विश्वसनीय पाठ निश्चित करण्याची धडपड, हा मराठी ग्रंथपरंपरेचा सातशे वर्षांचा अनुभव आहे. छायाचित्र-संपादनाच्या प्रचलित सॉफ्टवेअरमागील भूमिका या अनुभवाच्या कसोटीवर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या तपासणीसाठी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यातील माजरी या कोळसा खाणींच्या परिसराचा संदर्भ घेतला आहे. जिथे छायाचित्रातील वस्तूच उद्या जागेवर राहणार नाही, तिथे छायाचित्राखालच्या ओळीचे मोल वेगळे ठरते.

संपादन : मूळ आणि सूचना

चित्रपटलावरील जुन्या छायाचित्रात संपादन हे छापील प्रतीवर होत असे. निगेटिव्ह अलग राहत असे. संगणकीय छायाचित्रणाच्या पहिल्या टप्प्यात ही सोय नाहीशी झाली. संपादित फाइल मूळ फाइलवरच साठवली की मूळ नष्ट होत असे. पुढे या पद्धतीची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली. मूळ फाइलला हात न लावता ‘उजेड इतका वाढवावा, डावी कड इतकी कापावी’ अशा सूचना वेगळ्या नोंदवायच्या आणि चित्र पडद्यावर दाखवताना त्या सूचना लागू करायच्या. २००५ मध्ये ॲपलने ‘ॲपर्चर’ आणि २००७ मध्ये ॲडोबीने ‘लाइटरूम’ ही सॉफ्टवेअर बाजारात आणली, ती याच तत्त्वावर उभी होती.

या बदलाचा अर्थ महत्त्वाचा आहे. संपादन हे चित्र न राहता मजकूर झाले. छायाचित्राच्या जोडीला एक छोटी पोथी तयार होऊ लागली. मूळ फाइल बदलत नसल्यामुळे ती सर्व संगणकांवर सारखीच राहते. फरक पडतो तो या पोथीत. म्हणूनच अनेक संगणकांवरील संपादनांचे समक्रमण, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘सिंक’ म्हटले जाते ते, मुख्यतः प्रतींचा मेळ घालण्याचे काम आहे. ही पोथी कोठे ठेवायची, ती कोणी लिहायची आणि दोन पोथ्यांत विसंगती आढळल्यास काय करायचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कोणत्याही सॉफ्टवेअरचे मूल्यमापन करता येते.

तीन परंपरा, तीन उत्तरे

या प्रश्नांची तीन वेगवेगळी उत्तरे महाराष्ट्रात पूर्वीच दिली गेली आहेत. पहिले उत्तर एकनाथांचे होय. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ दूर करून एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. एक अधिकारी संपादक, एक प्रमाण प्रत आणि पुढील लेखनास बंदी, असे या उत्तराचे स्वरूप आहे. त्याचा लाभ निर्विवाद आहे; वारकरी परंपरेला एक स्थिर ग्रंथ मिळाला. मात्र ज्या प्रती पाहून निर्णय घेतले गेले त्यांतील नाकारलेले पाठ या पद्धतीत वाचकापुढे राहत नाहीत. एकनाथपूर्व पाठाचा शोध हा विसाव्या शतकातही अभ्यासविषय राहिला आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची स्वतंत्र आवृत्ती प्रसिद्ध केली, यामागे हीच उणीव होती.

दुसरे उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे आहे. १९१९ मध्ये आरंभलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. स. सुखटणकर यांनी ठरवलेल्या पद्धतीत वरच्या भागात निर्धारित संहिता आणि खाली हस्तलिखितनिहाय पाठभेद दिले जातात. संपादक निर्णय घेतो, परंतु त्या निर्णयाविरुद्धचा पुरावाही त्याच पानावर ठेवतो.

तिसरे उत्तर विदर्भातील आहे. म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ पुढे धाडीच्या धामधुमीत नाहीसे झाले आणि अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले. स्मरण करणारे अनेक होते, त्यामुळे एकाच लीळेचे तपशील वेगळे झाले. महानुभाव संकलकांनी यांपैकी एकाला खरे आणि इतरांना खोटे ठरवले नाही. भिन्न तपशील त्यांनी ‘वासना’ या संज्ञेने, तो सांगणाऱ्याच्या नावासह, मजकुरातच नोंदवला. हिराइसेचे म्हणणे हिराइसेच्या नावावर राहिले. निर्णय पुढच्या वाचकावर सोपवण्याची ही रीत आजच्या संदर्भात विशेष विचारार्ह आहे.

प्रचलित सॉफ्टवेअरचे परीक्षण

वरील तीन उत्तरांच्या प्रकाशात प्रचलित साधनांकडे पाहता त्यांचे गुणदोष स्पष्ट होतात. २००४ मध्ये गूगलने घेतलेले ‘पिकासा’ भारतातील घराघरांत आणि कार्यालयांत लोकप्रिय झाले. ते आपल्या सूचना प्रत्येक फोल्डरमधील एका लपलेल्या लहान फाइलीत लिहीत असे आणि बदल साठवल्यास मूळ चित्र एका लपलेल्या उपफोल्डरमध्ये ठेवत असे. योजना शहाणपणाची होती. परंतु लपलेल्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवण्याचे कोणाच्या ध्यानात येत नसे. केवळ चित्रे उचलली गेली की सूचना मागे राहत. २०१६ मध्ये हे सॉफ्टवेअर बंद झाले.

लाइटरूमच्या संगणकीय आवृत्तीने (२०१७ पासून तिचे नाव ‘लाइटरूम क्लासिक’) सर्व सूचना एका कॅटलॉगमध्ये ठेवल्या. हा कॅटलॉग म्हणजे एक डेटाबेस आहे. तो एका वेळी एकाच व्यक्तीला उघडता येतो आणि नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर ठेवून वापरता येत नाही. उघडताना शेजारी एक कुलूप-फाइल तयार होते. माजरी जंक्शनच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर दीर्घकाळ टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय चालक गाडी पुढे काढत नसे. एका खंडात एकच गाडी, म्हणून टक्कर नाही. कॅटलॉगचे कुलूप हा तसाच गोळा आहे. परंतु हाच कॅटलॉग ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवर वापरला, तर कुलूप दुसऱ्या संगणकापर्यंत वेळेवर पोहोचेलच याची शाश्वती नसते. मग दोन्ही गाड्या एकाच रुळावर येतात, आणि ‘विसंगत प्रत’ अशा नावाची दुसरी फाइल तयार होते. ही फाइल तयार होणे हे दुर्दैव नाही. ती न वाचता पुसून टाकली जाते, हे दुर्दैव आहे. सेवेने नकळत एक ‘वासना’ नोंदवलेली असते.

दुसरा मार्ग सोबतच्या फाइलीचा आहे. ॲडोबीने २००१ मध्ये मांडलेला ‘एक्सएमपी’ हा नमुना २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीशेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल ठेवली, तर चित्र आणि सूचना एकत्र प्रवास करतात. ही फाइल साध्या मजकुराची असल्यामुळे माणसालाही वाचता येते. तथापि लाइटरूमच्या बाबतीत संग्रहांची रचना, आभासी प्रती आणि संपादनाचा टप्प्याटप्प्याचा इतिहास या फाइलीत उतरत नाही. तो कॅटलॉगमध्येच राहतो. अंतिम निर्णय प्रवास करतो, त्यामागील वाटचाल करत नाही. २००९ पासून उपलब्ध असलेल्या ‘डार्कटेबल’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्राची सोबतची फाइल आपोआप लिहिली जाते, आणि बाहेरून बदललेली फाइल सुरुवातीसच शोधण्याचा पर्याय निवडल्यास कोणता पाठ स्वीकारायचा हे वापरणाऱ्याला विचारले जाते. विचारणे ही साधी गोष्ट आहे. परंतु पाठचिकित्सेच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे.

तिसरा मार्ग मेघसेवेचा, म्हणजे ‘क्लाउड’चा होय. फोनवर केलेला बदल काही क्षणांत संगणकावर दिसतो आणि वापरणाऱ्याला पोथीचे अस्तित्वही जाणवत नाही. ही सोय मोठी आहे. परंतु दोन ठिकाणी एकाच चित्रावर काम झाले तर अशा व्यवस्थेचा कल सामान्यतः नंतर पोहोचलेला बदल ग्राह्य धरण्याकडे असतो. ‘नंतरचा तो खरा’ हा नियम पाठनिर्णयाचा सर्वांत दुबळा नियम आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासात उत्तरकालीन प्रत केवळ उत्तरकालीन आहे म्हणून कोणी प्रमाण मानीत नाही. शिवाय ‘नंतर’ म्हणजे कोणाच्या घड्याळाने, हाही प्रश्न उरतोच. निरनिराळ्या संगणकांवरील घटनांचा क्रम केवळ घड्याळावर विसंबून लावता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते.

इथे हस्तलिखिताशी असलेल्या साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन पोथ्यांतील अक्षरे सारखी असतील तर पाठ सारखा असतो. छायाचित्राच्या बाबतीत तसे नाही. सूचना सारख्या असूनही त्या वाचणारे सॉफ्टवेअर वेगळे असेल, तर चित्र वेगळे दिसते. एकाच सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्तीत प्रक्रियेचे नियम बदलल्यामुळेही फरक पडतो. ॲपर्चरची विक्री २०१५ मध्ये थांबली, तेव्हा त्यातील समायोजने दुसऱ्या निर्मात्याच्या सॉफ्टवेअरला सूचना म्हणून वाचता येत नव्हती; तयार चित्र नेता येत होते, पोथी नेता येत नव्हती. म्हणून सूचनांचे समक्रमण झाले म्हणजे चित्राचे झाले, असे समजणे योग्य नाही. रंग-उजेडाच्या सूचना काळाबरोबर अवाचनीय होऊ शकतात. मथळा, दिनांक, स्थळ आणि व्यक्तीचे नाव हा साधा मजकूर मात्र टिकतो. जपायचे काय, याचा अग्रक्रम यावरून ठरतो.

माजरी : छायाचित्राखालची ओळ

माजरी हे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या खाण क्षेत्रांपैकी एक आहे. वर्धा खोऱ्यातील खुल्या खाणींत कोळशावरील माती आणि खडकाचा थर काढून बाजूला रचला जातो. जमिनीचा उंचसखलपणा, नाल्याची वाट, पांदण, विहीर, झाड हे सर्व बदलते. अशा परिसरात काढलेले छायाचित्र पडताळून पाहण्यासाठी त्या जागी पुन्हा जाण्याचा मार्ग बंद झालेला असतो.

या परिस्थितीत एक उदाहरण कल्पून पाहता येईल. एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी स्थलांतरित होणाऱ्या गावातील शेंदूर लावलेल्या दगडांच्या ठाण्याचे छायाचित्र घेतले. एका संगणकावर, एका वृद्धेच्या सांगण्यावरून, त्याखाली ‘मातामायचे ठाणे’ असे लिहिले गेले. दुसऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वृद्धाला विचारून आपल्या लॅपटॉपवर ‘वाघोबाचे ठाणे’ असे लिहिले. दोन्ही संगणक एकाच मेघसेवेला जोडलेले आहेत. रात्री समक्रमण होते आणि सकाळी दोन्हीकडे एकच मथळा दिसतो. एकवाक्यता साधली, परंतु एक साक्ष पुसली गेली. कदाचित ठाणे दोन्ही दैवतांचे असेल, कदाचित दोन वस्त्यांची त्याकडे पाहण्याची दृष्टी भिन्न असेल. संशोधनाचा विषय नेमका तोच होता. म्हाइंभटांच्या परंपरेतील संकलकाने इथे दोन ओळी लिहिल्या असत्या आणि प्रत्येकीपुढे सांगणाऱ्याचे नाव ठेवले असते.

याच जिल्ह्यातील ताडोबाच्या जंगलात या प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. वाघांची ओळख त्यांच्या अंगावरील पट्ट्यांवरून पटवली जाते, आणि डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे वेगळे असतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे घेतली गेली. त्यांपैकी ७६,६५१ छायाचित्रे वाघांची होती आणि त्यांतून बछडे वगळता २,४६१ वाघ ओळखले गेले. या कामात चित्र उजळ करण्याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते ‘हा वाघ कोणता, कोठे आणि केव्हा’ या नोंदीला. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लागले असेल तर त्या कॅमेऱ्याच्या सर्व छायाचित्रांची वेळ नंतर दुरुस्त करावी लागते. ही दुरुस्ती एका संगणकावर झाली आणि दुसऱ्यावर राहिली, तर एकच वाघ एकाच वेळी दोन ठिकाणी वावरताना दिसेल. कालदुरुस्ती हे संपादनच आहे, आणि ते सर्व प्रतींत पोहोचले नाही तर चूक गणनेत उतरते.

प्रमाण आणि पुरावा

महाविद्यालयीन जीवनात हा प्रश्न मूल्यांकनाच्या निमित्ताने येतो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या प्रक्रियेत जिओटॅग असलेली छायाचित्रे मागितली जातात. कॅमेऱ्याने नोंदवलेले स्थळ फाइलीच्या अंतर्गत मेटाडेटामध्ये असते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवताना हा मेटाडेटा गळून पडतो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास तो राहतो. विभागाकडून कक्षाकडे व्हॉट्सॲपने गेलेली प्रत आणि विभागातील प्रत दिसायला सारख्या असतात; पुरावा म्हणून त्या सारख्या नसतात. चित्रावर छापून येणारी अक्षांश-रेखांशाची पट्टी ही सोय आहे, परंतु ती चित्रावर लिहिलेला मजकूर आहे; मूळ नोंदीची जागा ती घेऊ शकत नाही.

न्यायालयीन विचारही याच दिशेने गेला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीशी संबंधित अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मूळ साधनच न्यायालयापुढे आणले असेल तर मात्र त्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलीचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते. फाइलीतील एक अंक बदलला तरी हे मूल्य बदलते. मूळ आणि प्रत यांतील जो भेद पाठचिकित्सेने जपला, तोच कायद्यानेही जपला आहे. परिणामी संपादनाच्या सूचना मूळ फाइलीच्या आत न लिहिता शेजारी ठेवण्याला आता तांत्रिक सोयीपलीकडचे कारण आहे. मूळ फाइल अबाधित राहिली तरच तिचे हॅश मूल्य अबाधित राहते.

व्यवहार्य शिस्त

उपरोक्त विवेचनातून विभागपातळीवर पाळता येण्याजोगी काही सूत्रे निघतात. मूळ छायाचित्रे उतरवून घेताच त्यांची केवळ वाचनीय प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि हॅश मूल्यांची यादी तिच्यासोबत ठेवावी. संपादनाच्या सूचना शक्यतो सोबतच्या फाइलीत असाव्यात आणि फोल्डर हलवताना तो संपूर्ण हलवावा. एकच कॅटलॉग वापरायचा असेल तर तो बाह्य डिस्कवर ठेवून ती डिस्क हस्ते परहस्ते द्यावी. ज्याच्या हाती डिस्क त्याच्या हाती गोळा. मेघसेवेचा उपयोग चित्रे पाहण्यासाठी आणि वाटण्यासाठी करावा. साक्षीच्या नोंदींचे एकमेव ठिकाण म्हणून करू नये. मथळ्यात फेरफार करताना जुना मथळा पुसू नये. नव्याच्या खाली जुना, बदल करणाऱ्याच्या नावासह आणि दिनांकासह ठेवावा. जिथे दोन सांगणाऱ्यांचे म्हणणे भिन्न आहे, तिथे एकवाक्यतेचा आग्रह सोडावा.

या शिस्तीवर एक आक्षेप संभवतो. घरगुती सहलीच्या छायाचित्रांसाठी इतका खटाटोप अनाठायी आहे. हा आक्षेप मान्य करावा लागेल. बारशाच्या छायाचित्राचा नंतरचा पाठ आधीच्या पाठाला पुसून गेला तरी फारसे काही हरवत नाही. मेघसेवा अशाच वापरासाठी घडलेली आहे आणि त्या मर्यादेत ती उत्तम आहे. परंतु घरगुती वापराचा नियम संशोधनाच्या आणि पुराव्याच्या क्षेत्रात विचार न करता स्वीकारला गेला, हे गैर आहे.

समारोप

अनेक संगणकांवरील संपादने सारखी ठेवणे म्हणजे सर्वत्र एकच चित्र दिसणे, अशी व्याख्या सॉफ्टवेअरच्या व्यवहारात रूढ झाली आहे. मराठी पाठपरंपरेच्या कसोटीवर ती अपुरी ठरते. एकनाथांच्या पद्धतीने स्थैर्य मिळते, परंतु नाकारलेले पाठ दिसेनासे होतात. सुखटणकरांच्या पद्धतीत निर्णय आणि पुरावा एकत्र राहतात, परंतु तिला तज्ज्ञ संपादक आणि दीर्घ काळ लागतो. लीळाचरित्राची पद्धत निर्णय लांबणीवर टाकते, पण कोणाची साक्ष गमावत नाही. तीन संगणक आणि बदलत्या तुकड्यांचे विद्यार्थी असलेल्या लहान महाविद्यालयाला यांपैकी तिसरी पद्धत सर्वांत झेपणारी आहे. तिला महागड्या यंत्रणेची आवश्यकता नाही. प्रत्येक फरकापुढे नाव लिहिण्याची सवय तेवढी हवी. माजरीसारख्या ठिकाणी, जिथे जमीनच पुन्हा विचारायला उरत नाही, तिथे ही सवय संशोधकाच्या कर्तव्याचा भाग मानली जावी.